तिरक्या रेघेचं बटण

शिंप्याला विचाराल तर जगातल्या निम्म्या अडचणी बटण चुकीच्या जागी लागल्यामुळे होतात. शर्ट पोटावर ताणतो? बटण हलवा. बाही मनगटाला सैल पडते? बटण हलवा. त्यामुळे बायकोनं रडकुंडीला येऊन सांगितलं, की ऑफिसच्या नव्या कॉम्प्युटरवरच्या एका बटणानं घोळ घातलाय, आणि तो निस्तरला नाही तर माझी खुर्ची जाणार, तेव्हा हा गृहस्थ सुईत दोरा ओवता ओवता म्हणाला, "एक बटणच ना? इथून काढायचं, तिथं लावायचं. त्यात एवढं घाबरायचं काय?"

बाईला त्या क्षणी नवऱ्याच्या हातातली कात्री हिसकावून घ्यावीशी वाटली. पण त्याचं तरी काय चुकलं होतं? शिंपी तो. त्याला बटण म्हणजे बटण.

तिचं नाव काय होतं ते सोडा. दवाखान्यात तिला सगळे टायपिस्टबाईच म्हणायचे. मोठा दवाखाना होता. घरी सोडताना प्रत्येक पेशंटला तिथं एक कागद देतात: काय झालं होतं, काय केलं, घरी गेल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही. डॉक्टर हे सगळं घाईघाईत रेकॉर्ड करून ठेवायचे, निम्मं घशात, निम्मं जांभईत. ते ऐकून बाई साध्या, सरळ मराठीत कागद टाइप करायची. म्हातारीला समजेल, शेजाऱ्याला वाचून दाखवता येईल असा. या कामाचा तिला अभिमान होता, आणि असायलाच हवा होता.

तिला दिसत नव्हतं. डोळे तिशीनंतर गेले. एकदम गेले नाहीत. निघतो निघतो म्हणत दारात रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखे गेले. पण त्याच्या कितीतरी आधी, टायपिंगच्या क्लासात, सर हातांवर फडकं टाकून टाइप करायला लावायचे. पोरी वैतागायच्या, ही सगळ्यात जास्त. पुढे ते फडकं कायमचंच पडलं, आणि बोटं मात्र चालत राहिली. गंमत अशी, की अमुक अक्षर कुठं आहे असं तिला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही. "थांबा, बोटांना विचारते," म्हणायची, आणि हवेत टाइप करून बघायची. डोक्याला काही माहीत नव्हतं. सगळं बोटांच्या ताब्यात.

तिच्या कॉम्प्युटरमध्ये एक बोलका प्रोग्राम होता. पडद्यावर जे असेल ते तो कानात वाचून दाखवतो. त्याला हुकूम द्यायचं एक खास बटण असतं. ते दाबून धरायचं आणि सोबत दुसरं दाबायचं, की तो सांगतो: ही ओळ अशी आहे, या शब्दाची अक्षरं ही आहेत, तुम्ही आत्ता इथं आहात. ते एक बटण नसेल तर माणूस टाइप करू शकतो, पण काय टाइप केलं आणि कुठं, हे विचारू शकत नाही. अंधारात भिंत चाचपत जायचं आणि भिंतच काढून घ्यायची, त्यातली गत.

तर झालं असं, की दवाखान्यानं नवी पद्धत आणली. पेशंटची माहिती बाहेर फुटू नये म्हणून सगळं काम कॉम्प्युटरच्या आतल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये करायचं. हा आतला कॉम्प्युटर हाताला लागत नाही. बाहेरच्याच्या पोटात थाटलेला तो वेगळा संसार असतो, कीबोर्ड मात्र दोघांना मिळून एकच. मशीनवाल्यानं (दवाखान्यातले सगळे कॉम्प्युटर बघणारा माणूस, त्याला मशीनवालाच म्हणायचे) आत आणखी एक बोलका प्रोग्राम बसवून दिला आणि म्हणाला, झालं तुमचं काम.

कसलं डोंबलाचं झालं! आता घरात दोघी झाल्या. बाहेरची जुनी, मुरलेली, खणखणीत बोलणारी. आतली नवी, जिभेला जड. डॉक्टरला "डाक्टर" म्हणायची आणि पेशंटला "पेशनट". बाईनं त्यांची नावंच ठेवली, सासू आणि सून. आणि दोघींना हुकूम द्यायचं बटण एकच. बाईनं सुनेला विचारावं, अगं, ही ओळ वाच, की दारात बसलेली सासू तो हुकूम वरच्या वर झेलायची आणि आपल्या घरचं काहीतरी वाचून दाखवायची. सून आत मुकाट. म्हणीत लेकी बोले सुने लागे असतं. इथं सुनेला बोललं की सासूला लागायचं. बरं, सासूला गप्प बसवावं, तर आतल्या घराचं दारच सापडेना. इकडे आड, तिकडे विहीर. ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाकडे कागद वाचून मागितला नव्हता, ती येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला लागली, अहो, जरा बघता का, मी कुठं आहे?

ऑफिसच्या मोठ्या बाई दुष्ट नव्हत्या. दुष्ट असत्या तर बरं झालं असतं, चार शिव्या घालता आल्या असत्या. त्यांनी टायपिस्टबाईला खोलीत बोलावलं, खुर्ची दिली आणि सांगितलं, की सोमवारी नव्या पद्धतीनं कागद करून दाखवा. जमलं तर प्रश्नच नाही. नाही जमलं तर चौकशीच्या खिडकीवर बसा. एक्सरे डावीकडे, औषधं उजवीकडे, एवढंच सांगायचं. पगार तोच, दगदग कमी.

ती खिडकी बाईला चांगली माहीत होती. तिथं आधी एक म्हातारा कारकून बसायचा, हात कापायचे म्हणून टाइपवरून हलवलेला. त्याला कुणी काही विचारायचं नाही, कारण त्याच्या डोक्यावर भली मोठी पाटी होती आणि लोक ती वाचून निघून जायचे. दिवसभर तो आपला बसलेला असायचा, आणि जेवायच्या सुट्टीत टायपिस्टबाईपाशी येऊन उगाच विचारायचा, आज किती कागद झाले? एक दिवस तो यायचा थांबला. खिडकी रिकामी आहे हे चार दिवस कुणाच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं.

म्हणून शुक्रवारी ऑफिसचा लॅपटॉप सरावासाठी घरी आणला तो रडकुंडीला येऊनच. नवऱ्याला म्हणाली, "अहो, मला तिथं नेऊन ठेवतील हो. मी बोलायला तयार आणि लोक पाटी वाचणार." त्यावरच शिंप्यानं ते बटण इथून काढून तिथं लावायचं शहाणपण सांगितलं होतं.

शनिवारी तिनं आपल्या मानलेल्या भावाला फोन लावला. हा दुसऱ्या गावात एका कचेरीत टेलिफोनवर बसायचा. जन्मापासून आंधळा, आणि असल्या बाबतीत भलताच हुशार. तिचं सगळं रडगाणं ऐकून तो हसला. म्हणाला, तुझे शिंपीबुवा म्हणतात तेच खरं, बटण हलवायचं. "ताई, सासूचं बटण सासूला राहू दे. आतल्या घरात सुनेला वेगळं दे. मराठीत ज्याचं काडीचं काम नाही असं एक बटण आहे. कोपऱ्यातलं, तिरक्या रेघेचं." आत एक छोटा प्रोग्राम असतो, तो म्हणतो, बदलायचं ते बटण दाबा. ते दाबायचं, आणि सांगायचं, की इथून पुढे हे हुकमाचं बटण. सासूला त्या बटणाशी घेणंदेणं नाही, ती ते आत जाऊ देते, आणि सुनेला आपला हुकूम मिळतो.

बाईनं विचारलं, तिरकी रेघ म्हणजे नेमकी कशी रे? तो म्हणाला, मी कुठं बघितलीय? मला जसं सांगितलं तसं तुला सांगतो. तिनंही कीबोर्डकडे बघून कितीतरी वर्षं झाली होती.

रविवारी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. शिंप्यानं कापडाचे तुकडे बाजूला सारून लॅपटॉप कापायच्या टेबलावर घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि तिरकी रेघ शोधायला लागला. एका कोपऱ्यातल्या बटणावर त्याला दोऱ्याचं बारीक कुसळ चिकटल्यासारखं दिसलं. ते त्यानं नखानं खरवडून पाहिलं, निघालं नाही, सोडून दिलं. मग दुसऱ्या कडेला, खालच्या ओळीवर उतरायच्या मोठ्या बटणाच्या डोक्यावर, त्याला ठसठशीत तिरकी रेघ सापडली. "ही बघ, सापडली तुझी!" त्याला एवढा आनंद झाला, की त्यानं बटणांचा डबा काढला, लहान मुलाच्या शर्टाचं एक चपटं, दोन भोकांचं बटण निवडलं आणि त्या रेघेवर गोंदानं पक्कं बसवून टाकलं. बोटाला पटकन सापडावं म्हणून. बायकोसाठी आपल्याला काही करता येतंय, याचं त्याला फार अप्रूप होतं.

बाईनं सुनेच्या घरात शिरून तो छोटा प्रोग्राम उघडला. तो म्हणाला, बटण दाबा. तिनं नवऱ्यानं लावलेल्या बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. मग सगळं बंद करून परत चालू केलं. बटण दाबून धरलं आणि सुनेला विचारलं, मी कुठं आहे?

आणि सून बोलली. जड जिभेनं का होईना, बोलली. सासू बाहेर गप्प. बाईनं ओळ विचारली, सुनेनं ओळ सांगितली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. शिंपी म्हणाला, "बघ. म्हटलं नव्हतं?"

संध्याकाळपर्यंत तिनं एकेका हुकमाचा सराव केला. टायपिंगचा मात्र केला नाही. माशाच्या पिल्लाला काय पोहायला शिकवायचं?

सोमवारी मोठ्या बाई तिच्या पाठीशी येऊन उभ्या राहिल्या. मशीनवाला आला, दोनचार कारकून कामं टाकून जमले. हाडांच्या डॉक्टरांचं रेकॉर्डिंग लावलं: एका म्हाताऱ्याची मांडी मोडलेली, ऑपरेशन करून आत रॉड घातलेला. एका कानात डॉक्टर, दुसऱ्या कानात सून, आणि बाईची बोटं सुटली. सून बरोबर वाचत गेली. बाईनं विचारलं की सांगत गेली. मध्येच सून "डक्टर" म्हणाल्यासारखं वाटलं. मग "रड". एकदा करंगळी त्या शर्टाच्या बटणावर गुळगुळीत घसरली, आणि बाईच्या मनात काहीतरी टोचलं. अक्षरं सुटी करून ऐकावीत का? एक हुकूम, एवढंच तर होतं. पण मोठ्या बाईंचा श्वास मानेपाशी लागत होता, बोटांना कित्येक दिवसांनी लय सापडली होती, आणि आता थांबले तर हे सगळे म्हणतील अडली. सूनबाईची जीभच जड, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि पुढे गेली.

कागद छापून आला. मोठ्या बाईंनी तो मोठ्यानं वाचायला घेतला. "मांडीच्या हाडात रड बसवला आहे. तो आत राहील. दुखले तरी घाबरू नये. डक्टरांच्या सल्ल्याशिवाय रड काढू नये. परेशनची जखम ओली करू नये."

आधी एका कारकुनाला हसू फुटलं, मग सगळ्यांना. मोठ्या बाईसुद्धा हसल्या. रड काढू नये म्हणे! कुणीतरी म्हणालं, हा कागद माझ्या घरी लावा, फार गरज आहे. टायपिस्टबाईला कळेचना काय झालं. तीही थोडं हसली, सगळे हसताहेत म्हणून. ते तिचं हसणं बघून एकेक जण गप्प झाला.

मशीनवाल्यानं कीबोर्ड जवळ ओढला. शर्टाचं बटण पाहून त्यानं विचारलं, हे कुणी लावलं? बाई म्हणाली, मी. मग त्यानं समजावलं. कीबोर्डच्या वरच्या कडांना तिरक्या रेघा दोन असतात. एक बारीक, वरच्या डाव्या कोपऱ्यात, कुसळाएवढी. तिचं मराठीत काही काम नाही. दुसरी मोठी, उजव्या कडेला. तिच्यावर चंद्र असलेला काना असतो. डॉक्टरमधला, रॉडमधला, ऑपरेशनमधला. तुम्ही त्या चंद्राच्या कान्याचं बटण केलंत हुकमाचं, म्हणून तो उमटलाच नाही.

तिच्या बोटांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी सांगायचा प्रयत्नही केला होता. तिनं ऐकलं नव्हतं.

बाईनं हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा त्या ऑफिसात जोडले. म्हणाली, जागा बदलून बारक्या रेघेवर नेते, काहीच वेळ लागत नाही, एक संधी द्या. मशीनवाला म्हणाला, खरंच दोन मिनिटांचं काम आहे. मोठ्या बाईंनी कागद घडी करून हातात धरला होता. त्या विरघळल्या होत्या, हे आवाजावरून समजत होतं. त्यांनी हळू विचारलं, "तुम्हाला ते वाचून दाखवलं नाही का त्या प्रोग्रामनं? ऐकू नाही आलं?"

हे दार होतं, उघडं ठेवलेलं. नाही म्हणायचं, एवढंच. मग दोष मशीनचा, आणि पुढच्या सोमवारी परत परीक्षा. मोठ्या बाई तेच उत्तर ऐकायला उभ्या होत्या. मशीनवालाही मान डोलवायला तयार होता.

पण जिचा उभा जन्म ऐकलेलं तसंच्या तसं उतरवण्यात गेला, तिला ते जमलं नाही. म्हणाली, "आलं होतं. मला वाटलं तिची जीभच तशी आहे. अक्षरं विचारून बघायची होती, विचारली नाहीत."

हातातल्या कागदाला आणखी एक घडी पडली. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "आज रॉडचं रड झालं, आपण हसलो. उद्या औषधाच्या ओळीत काही ऐकलंत आणि वाटलं जीभच तशी आहे, तर मी काय करू?" टायपिस्टबाई स्वतः त्यांच्या जागी असती तर तीही हेच बोलली असती. उद्यापासून खिडकी, असं ठरलं.

जाण्यापूर्वी तिनं एकच मागितलं. लॅपटॉप आता दुसऱ्या कुणाच्या हाती जाईल, त्याला काना मिळायला हवा; बटण मी परत जागेवर आणून देते. मशीनवाला म्हणाला, अहो, मी करतो. तिनं ऐकलं नाही. सुनेच्या घरात गेली, छोटा प्रोग्राम उघडला आणि बदल काढून टाकला. परत चालू केल्यावर शर्टाचं बटण दाबून सुनेला विचारलं, मी कुठं आहे? सून काही बोलली नाही. मग तिनं एकच शब्द टाइप केला, आणि सून आपणहून म्हणाली, "डाक्टर." आधीच्या "डक्टर"मध्ये आणि या "डाक्टर"मध्ये जमीनअस्मानाचं अंतर होतं. बहिऱ्यालासुद्धा कळलं असतं.

चिकटवलेलं बटण काढायला ती गेली, पण निघेना. नख तुटलं. शेवटी मशीनवाल्यानं राहू द्या म्हणून सांगितलं.

घरी आली तेव्हा शिंपी दुकानात एका गिऱ्हाइकाचं माप घेत होता, आणि त्याला सांगत होता, की आमच्या मंडळींच्या कॉम्प्युटरचं बटण मी हलवून दिलं, मोठमोठ्यांना जमलं नव्हतं. तिची काठी वाजली तसा तो टेप गळ्यात तसाच टाकून बाहेर आला. दिवसभर वाट बघत असावा.

"काय गं, बटण चाललं का?"

ती उंबऱ्यातच थांबली. येताना सगळ्या वाटेवर तिनं ठरवलं होतं, की याला सगळं सांगायचं. रेघा दोन होत्या, तुम्ही मोठी धरलीत, बारकी तुम्हाला कुसळ वाटली. खिडकीचंही सांगायचं आणि पाटीचंही. आणि मग त्याच्या समोर बसून पोटभर रडायचं.

"चाललं," ती म्हणाली. "फार पक्कं बसलंय. निघता निघत नाही."

"निघायचं कसं? माझ्या हातचं आहे ते," शिंपी म्हणाला, आणि आत गिऱ्हाइकाकडे गेला. जाता जाता सांगून गेला, की घरच्या जुन्या कीबोर्डलाही त्याच जागी एक लावून ठेवलंय, हाताला दोन्हीकडे सारखंच लागावं म्हणून.

ती आत गेली, टेबलाशी बसली आणि उजवी करंगळी पुढे केली. बटण तिथंच होतं, दोन भोकांचं, थंडगार. डॉक्टरमधला, रॉडमधला, ऑपरेशनमधला चंद्राचा काना. कुठलं अक्षर कुठं आहे हे तिला कधीच सांगता आलं नव्हतं. हे एक मात्र आता कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी ती सांगेल. पण खिडकीवर बसलेल्या बाईला ते विचारणार कोण?